मेडिकेडची कामाची अट: कार्ड टिकवायचं तर आत्तापासून काय करायचं

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत एका सामुदायिक आरोग्य केंद्रात मी लोकांचे विम्याचे अर्ज भरून देते. अमेरिकेतला मराठी माणूस म्हटला की गावाकडच्यांच्या डोळ्यांसमोर सॉफ्टवेअर कंपनी येते. माझ्या टेबलासमोर बसणारी मराठी माणसं वेगळी आहेत. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या मावशी, रात्रपाळीत पेट्रोल पंपावर गाड्या भरून देणारे काका, घरून डबे देणाऱ्या ताई, ऊबर चालवत चालवत कॉलेजचे विषय पुरे करणारा पोरगा. त्यांच्या कामाबरोबर विमा येत नाही. त्यांच्याकडे असतं ते मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा, ज्याला आमच्या राज्यात एनजे फॅमिलीकेअर म्हणतात. कुणाचं इन्सुलिन त्यावर चालतं, कुणाच्या थायरॉइडच्या गोळ्या, कुणाचं दर तीन महिन्यांचं डोळ्यांचं इंजेक्शन.

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जो मोठा कायदा झाला, त्यात या कार्डाला कामाची अट जोडली गेली. १९ ते ६४ वयाच्या ठरावीक प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवायचं. उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून राज्यांनी हे सुरू करायचं आहे. काही राज्यं आधीच निघाली. नेब्रास्काने १ मे २०२६ ही तारीख जाहीर केली, आणि जॉर्जियात तर जुलै २०२३ पासूनच अशी योजना चालू आहे. राज्याची तयारी नसेल तर केंद्र सरकारकडून २०२८ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, पण आपलं राज्य ती घेईल या भरवशावर कुणी बसू नये.

अट ऐकली की लोक मला पहिला प्रश्न विचारतात, "काम तर करतोच आहोत, मग घाबरायचं कशाला?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. मेडिकेडवरच्या प्रौढांपैकी बहुतेक जण काम करतातच, आणि जे करत नाहीत त्यांतले बरेचसे घरातल्या कुणाची तरी काळजी घेतात, आजारी असतात किंवा शिकत असतात. तरीही घाबरायचं कारण आहे, आणि ते आर्कान्साने दाखवून दिलंय. २०१८ मध्ये त्या राज्याने महिन्याला ८० तासांची हीच अट लावली. सुरुवातीला तास फक्त ऑनलाइन कळवायचे होते, आणि ते पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायचं. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. हार्वर्डच्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा ज्यांना अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक ती आधीच पाळत होते किंवा सूट मिळण्याच्या लायक होते. काम करणाऱ्यांची संख्याही वाढली नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ती योजना थांबवली.

म्हणजे त्या लोकांचं काम कमी पडलं नव्हतं, कमी पडला तो कागद. आपल्याकडे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असतं, पण बँकेत दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते. इथेही तसंच होणार आहे, फक्त वर्षातून दोनदा. म्हणून या लेखात काम कसं मिळवायचं हे मी सांगत नाही. आहे ते काम, आहे ती सूट कागदावर कशी आणायची आणि वेळेत कशी पोचवायची, एवढंच सांगते.

आधी बघा, अट तुम्हाला लागू आहे का

सगळ्यात आधी मुलांचं, कारण घाबरून मुलांचं कार्डही सोडून देणारे पालक मी पाहिले आहेत. मुलांच्या मेडिकेडला ही अट नाही. आईबाबांनी तास दाखवले नाहीत म्हणून मुलाचा विमा जात नाही. ६५ च्या पुढच्यांना अट नाही. गरोदर बायकांना नाही, बाळंतपणानंतरच्या मुदतीत नाही. ज्यांना मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा आहे, त्यांना नाही. अपंगत्वामुळे एसएसआय, म्हणजे केंद्र सरकारचा मासिक भत्ता मिळतो आणि त्या मार्गाने मेडिकेड आहे, त्यांनाही नाही.

अट मुख्यतः आहे ती ओबामांच्या काळातल्या कायद्याने ज्यांना मेडिकेडमध्ये घेतलं त्या प्रौढांना, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना. २०२५ च्या आकड्यांनुसार एकट्या माणसासाठी ही १३८ टक्क्यांची मर्यादा वर्षाला २१,५९७ डॉलर येते. ४० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी या विस्तारात आहेत. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिशिगन त्यात येतात. टेक्सस आणि फ्लोरिडा त्यात नाहीत, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांचं ऐकून आपला निर्णय करू नका. त्यांचं मेडिकेड वेगळ्या चौकटीचं आहे.

एच-वन, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर प्रौढांचा हा विमा तुम्हाला सहसा मिळत नाही, म्हणून अटीचाही प्रश्न नाही. ग्रीन कार्ड असेल तर साधारणपणे पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मुलाने बोलावून घेतलेले, पाच वर्षं झालेले आणि अजून पासष्टीच्या आतले आईबाबा हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न. त्यांच्यासाठी मुलाने सही केलेल्या हमीपत्रामुळे मुलाचं उत्पन्नही बघितलं जाऊ शकतं, म्हणून अर्जाआधी स्थलांतराच्या कायद्यातल्या वकिलाशी किंवा कायदेशीर मदत केंद्राशी बोला.

सूट मागायला लाजू नका

सूट असेल तर तास मोजायची कटकटच उरत नाही, म्हणून मी तासांच्या आधी सूट मिळते का ते बघते. १३ वर्षांपर्यंतच्या मुलाचा सांभाळ करणारे आईवडील किंवा पालक यांना सूट आहे. इथे एक गोष्ट डायरीत लिहून ठेवा: मुलाचा चौदावा वाढदिवस. त्या दिवसापासून ही सूट संपते, आणि तेव्हा तुम्हाला कुणी फोन करून सांगणार नाही. धाकटं मूल असेल तर त्याच्या वयावर सूट पुढे चालते.

घरात अपंग व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनाही सूट आहे. अर्धांगवायू झालेला नवरा, स्वमग्न मोठा मुलगा, डिमेन्शिया झालेली सासू. आपल्या बायका याला काळजी घेणं म्हणतच नाहीत, "घरचंच तर आहे" म्हणतात. अर्जावर ते लिहा. ज्याची काळजी घेता त्याच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: आजार काय, रोज कोणती मदत लागते, ती मदत कोण करतं. मात्र नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी ही सूट गृहीत धरू नये. मुलाचे आईवडील त्याच घरात आहेत आणि नातू धडधाकट आहे, तर नुसतं सांभाळण्यावर सूट मिळेलच असं नाही. राज्याला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरी सूट गंभीर आजाराची. अंधत्व, अपंगत्व, रोजचं जगणं अडवणारा मानसिक आजार, दारू किंवा इतर व्यसनाचा आजार, आणि गंभीर किंवा गुंतागुंतीचं दुखणं हे सगळं त्यात येतं. आमच्या लोकांचं इथेच सगळ्यात जास्त नुकसान होईल असं मला वाटतं. डायलिसिसवरचा माणूस सांगतो. कॅन्सरची बाई सांगते, दोनदा विचारल्यावर. पण नैराश्यामुळे सहा महिने अंथरुणातून न उठलेली मुलगी अर्जावर "घरी असते" एवढंच लिहिते, आणि शेजारी बसलेली आई मला खुणेने सांगते की पुढे विचारू नका. दारू सोडवायच्या उपचारात असलेल्या माणसाचंही तसंच. अर्जातली आरोग्याची माहिती गोपनीय असते, ती मंडळात जात नाही, देवळात जात नाही. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना स्पष्ट सांगा की मेडिकेडच्या कामाच्या अटीतून सूट हवी आहे, तसं पत्र द्या. नुसतं "मधुमेह आहे" असं पत्र पुरेलच असं नाही. मधुमेहामुळे पायाला जखम आहे, उभं राहता येत नाही, दृष्टी गेली आहे, असं त्या आजाराने काय अडतं ते पत्रात यायला हवं.

आणखीही काही जण सुटतात: स्नॅपची, म्हणजे अन्नमदतीची कामाची अट पाळणारे, पूर्ण अपंगत्वाचं मानांकन मिळालेले माजी सैनिक, फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने सोपवलेल्या पालक-कुटुंबात वाढलेली २६ च्या आतली मुलं, तुरुंगातून सुटून तीन महिने न झालेले.

एखाद्या महिन्यापुरती अडचण असेल तर त्यासाठीही राज्य सवलत देऊ शकतं. त्या महिन्यात इस्पितळात दाखल होता, तुमच्या भागात केंद्राने आपत्ती जाहीर केली होती, काउंटीत बेकारी ८ टक्के किंवा त्याहून जास्त, नाहीतर देशाच्या सरासरीच्या दीडपट होती, किंवा उपचारासाठी लांब जाऊन राहावं लागलं. डिस्चार्जचा कागद फेकू नका, एवढं त्यावरून लक्षात ठेवा.

८० तास, किंवा ५८० डॉलर

सगळीकडे ८० तासांची चर्चा आहे. दुसरा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे, आणि आमच्या राज्यातल्या अर्धवेळ काम करणाऱ्यांसाठी तोच सोपा आहे. कायद्यात म्हटलंय की महिन्याचं उत्पन्न केंद्राच्या किमान वेतनाच्या ८० पट असेल तरी अट पूर्ण झाली. केंद्राचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर. गुणाकार केला की ५८० डॉलर. न्यू जर्सीत मात्र २०२६ मध्ये बहुतेक कामांना ताशी किमान १५.९२ डॉलर मिळतात.

आता ओक ट्री रोडवरच्या त्या मावशींचा हिशोब करा. आठवड्यात दोन दिवस, पाच-पाच तास. महिन्याला साधारण ४३ तास. ८० च्या हिशोबाने त्या नापास. पण ४३ गुणिले १५.९२ म्हणजे ६८४ डॉलर, ५८० च्या वर. त्या पास. किमान वेतनावर न्यू जर्सीत ३७ तास भरले तरी ५८० ओलांडता येतात. इंडियानात राहणाऱ्या बहिणीला हे जमणार नाही, कारण तिथलं किमान वेतन केंद्राइतकंच आहे. किमान वेतनावर असेल तर तिला पूर्ण ८० तास लागतील.

म्हणून फॉर्मवर किंवा फोनवर कुणी "तास किती?" एवढंच विचारलं तर उत्तर देऊन थांबू नका. "माझं महिन्याचं उत्पन्न ५८० च्या वर आहे, त्यावर बघा," असं सांगा.

हंगामी कामगारांसाठी मागच्या सहा महिन्यांची सरासरी धरतात. म्हणजे सहा महिन्यांत मिळून ३,४८० डॉलर. फक्त सणाच्या हंगामात दुकानात कामाला जाणारे यात बसू शकतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पे-स्टब, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत सांभाळायच्या.

नोकरी नसेल तर इतर मार्ग: कॉलेजात किमान अर्धवेळ प्रवेश, नोकरीसाठी तयार करणारा मान्य कार्यक्रम, समाजसेवा, किंवा या सगळ्यांचं मिळून ८० तासांचं मिश्रण. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ म्हणजे सहसा सत्राला ६ क्रेडिट. विषय निवडतानाच हे डोक्यात ठेवा, कारण मध्येच एक विषय सोडला तर तुम्ही अर्धवेळच्या खाली जाता. रजिस्ट्रारच्या कार्यालयातून नोंदणीचं पत्र मिळतं, बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच. समाजसेवा करणार असाल तर सुरू करण्याआधी राज्याला विचारा की ही संस्था, हे काम मोजलं जाईल का. फूड बँक असो, मराठी शाळा असो की देवळातलं अन्नछत्र, तासांची वही संस्थेच्या माणसाच्या सहीने त्या त्या दिवशीच भरायची. वर्षअखेरीला आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही.

रोखीचं काम

हा भाग मी जरा तपशिलात लिहिते, कारण पे-स्टब असलेल्यांचं पुष्कळदा आपोआप निघेल. कायद्यानेच राज्यांना सांगितलंय की पगाराच्या नोंदींसारखी माहिती हाताशी असेल तर ती आधी बघा, माणसाकडून कागद मागू नका. पण डबे देणाऱ्या, घरी मुलं सांभाळणाऱ्या, भुवया कोरणाऱ्या, लग्नात मेंदी काढणाऱ्या, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांचं नाव अशा कुठल्याच नोंदीत नसतं. पैसे हातात येतात किंवा झेलवर, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यात येतात.

आजवर या घरांत एक समज होता: उत्पन्न दिसलं नाही तर कार्ड सुरक्षित. तो समज आता उलटा पडतो. उत्पन्न दिसलं नाही तर तुम्ही काही करत नाही असं धरलं जाईल, आणि कार्ड त्यामुळेच जाईल. ५८० च्या वर आणि एकट्या माणसासाठी महिन्याला साधारण १,८०० च्या आत, ही पट्टी पुष्कळ रुंद आहे. कुटुंब मोठं असेल तर वरची मर्यादा आणखी वर जाते. डब्यांची खरी कमाई बहुतेकदा याच पट्टीत बसते, तेव्हा ती उघडपणे दाखवण्यातच तुमचं हित आहे.

दाखवायची कशी? एक साधी वही घ्या. तारीख, कुणाचं काम, किती तास, किती पैसे, कसे मिळाले. रोज रात्री दोन ओळी. सामानाचा खर्च वेगळ्या पानावर, पावत्या त्याच पानाला टाचून, कारण स्वतःच्या धंद्यात खर्च वजा करून उरतं ते उत्पन्न. रोख मिळाली तर आठवड्यातून एकदा बँकेत भरा, म्हणजे वहीतला आकडा आणि बँकेचा कागद एकमेकांना दुजोरा देतात. झेलच्या मजकुरात नुसतं "थँक्स" न लिहिता "मे महिन्याचे डबे" असं लिहायला ग्राहकांना सांगा. आणि कर भरा. कराचं विवरणपत्र, त्यातला स्वतःच्या धंद्याचा तक्ता, हा सगळ्यात जड पुरावा. फ्री टॅक्सची केंद्रं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ग्रंथालयांत बसतात, तिथे मोफत भरून मिळतं.

एखाद्या घरी कायमचं काम असेल तर त्या घरमालकाकडून महिन्याला एक पत्र घ्या. त्यात तुमचं पूर्ण नाव, कामाचा प्रकार, त्या महिन्यातले तास, दिलेली रक्कम, तारीख, त्यांचं नाव, फोन आणि सही. मालक लिहायला कचरले तर पत्र तुम्ही तयार करून न्या, त्यांनी फक्त वाचून सही करायची. "कर लागेल" या भीतीने सही टाळणारे मालकही असतात. तिथे भांडत बसू नका. वही, बँक आणि ग्राहकांचे मेसेज यांवर भर द्या.

ऊबर, डोअरडॅशवाल्यांनी ॲपमधली आठवड्याची कमाईची पानं दर महिन्याला पीडीएफ करून ठेवावीत. ॲपने कधी खातं बंद केलं तर जुनी पानं हातात राहत नाहीत.

फाइल

फोनमध्ये एक फोल्डर आणि घरात एक जाड पाकीट, दोन्ही ठेवा. महिन्याच्या नावाने. पे-स्टब दर पंधरा दिवसांनी येते आणि पंधरवडा महिन्याच्या मधोमध तुटतो. २४ जानेवारी ते ६ फेब्रुवारीच्या स्टबमधले किती तास जानेवारीचे, हे तीन महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून दुकानात भिंतीवर लागणाऱ्या वेळापत्रकाचा फोटो दर आठवड्याला काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.

विमा नव्याने मागत असाल तर अर्जाच्या आधीच्या एक ते तीन सलग महिन्यांचा पुरावा लागेल. किती महिने ते राज्य ठरवणार. म्हणजे नोकरी सुटून कंपनीचा विमा गेला, तर पहिल्या दिवसापासून मागचे तीन महिने हाताशी हवेत. आधीपासून मेडिकेड असेल तर रिन्यूअलच्या वेळी मधल्या काळातला किमान एक महिना दाखवावा लागेल. काही राज्यं जास्त मागू शकतात. आणि हे रिन्यूअल २०२६ अखेरीपासून या गटासाठी दर सहा महिन्यांनी होणार, आजच्यासारखं वर्षातून एकदा नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. जो महिना चांगला गेला, ज्यात ५८० सहज पार झाले, त्याचे कागद सगळ्यात आधी पूर्ण करून ठेवा. तुमच्या राज्याला एकच महिना पुरत असेल तर तो महिना तुमचं कार्ड वाचवेल.

पत्ता आणि टपाल

कोविडच्या काळात मेडिकेड कुणाचंच काढत नव्हते. २०२३ पासून पुन्हा तपासणी सुरू झाली तेव्हा देशभरात अडीच कोटींहून जास्त लोकांचा विमा बंद झाला, आणि त्यातल्या दहापैकी जवळजवळ सात जणांचा तो कागदपत्रांच्या कारणाने गेला. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म परत आला नाही, सही राहिली. त्यांची पात्रता कुणी तपासलीच नव्हती.

म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात राज्याला, काउंटीच्या कार्यालयाला आणि तुमच्या विमा योजनेला तिघांनाही पत्ता कळवा. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही. पोर्टलवर ईमेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना ते बघा. पुष्कळांच्या खात्यावर ज्याने अर्ज भरून दिला त्या भाच्याचा नंबर असतो, आणि भाचा दरम्यान डलासला गेलेला असतो.

अट पूर्ण झालेली दिसली नाही तर राज्याने तुम्हाला नोटीस पाठवायचीच आहे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही पुरावा द्यायचा किंवा सूट दाखवायची. हे ३० दिवस विमा चालू राहतो. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर ३० दिवस संपतात त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीला, उशिरात उशिरा, विमा बंद होतो.

आणि नेमके हेच ३० दिवस आपली माणसं पुण्याला किंवा साताऱ्याला असतात. वडिलांचं ऑपरेशन, भावाचं लग्न, आईचं वर्षश्राद्ध, दोन-तीन महिन्यांचा मुक्काम. भारतात जाऊन आईवडिलांची सेवा केली याला त्या कायद्यात वेगळी सवलत नाही. जायच्या आधी तीन कामं करून जा. रिन्यूअलचा महिना कोणता ते पोर्टलवर किंवा फोन करून बघा. निघण्याआधीच्या पुऱ्या महिन्याचे कागद फोल्डरमध्ये टाका. आणि इथे राहणाऱ्या एका विश्वासू माणसाला अधिकृत प्रतिनिधी करा. त्यासाठी राज्याचा छोटा फॉर्म असतो, त्यावर तुमची आणि त्याची सही. त्यानंतर तो माणूस तुमच्या वतीने नोटीस घेऊ शकतो, कागद देऊ शकतो, फोनवर बोलू शकतो. नुसती टपालपेटीची किल्ली देऊन जाण्याने हे काम होत नाही.

फोन करताना

मराठी दुभाषा मागा. पैसे पडत नाहीत. मेडिकेड कार्यालयाने मोफत दुभाषा द्यावा हा केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क आहे. इंग्रजीत "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" एवढं म्हणून थांबा. बारा वर्षांच्या मुलीला फोन देऊ नका. तिला "एक्झेम्प्शन" (सूट) आणि "डिनायल" (नकार) यातला फरक कळण्याचं वय नाही, आणि आईच्या आजाराचं सगळं तिच्या तोंडून वदवणं बरोबर नाही.

बोलणं झालं की तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक आणि काय सांगितलं ते फाइलमध्ये लिहा. कागद पोर्टलवर चढवला की "मिळाला" असं दाखवणाऱ्या पानाचा फोटो घ्या. कार्यालयात हातात देत असाल तर आपल्या प्रतीवर त्यांचा तारखेचा शिक्का मागा. टपालाने पाठवत असाल तर पोचपावतीचं टपाल वापरा.

विमा बंद झाल्याचं पत्र आलं तर

ते पत्र पूर्ण वाचा, दुसऱ्या पानासकट. कारण काय लिहिलंय, कोणत्या तारखेपासून बंद होणार, आणि अपिलाची मुदत किती, या तीन गोष्टींभोवती पेनाने गोल करा. अपील म्हणजे फेअर हिअरिंग, तो तुमचा हक्क आहे. विमा बंद होण्याच्या तारखेच्या आत अपील मागितलं तर निकाल लागेपर्यंत विमा सुरू ठेवता येतो. निकाल विरुद्ध गेला तर त्या काळातल्या खर्चाची मागणी होऊ शकते, हे लक्षात घेऊन ठरवा. पण तुमच्याकडे कागद असतील आणि राज्याने ते बघितलेच नसतील, तर मी म्हणेन, अपील कराच. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था अशी प्रकरणं घेतात.

काढून टाकण्याआधी तुम्ही मेडिकेडच्या दुसऱ्या कुठल्या गटात बसता का, हे बघणं राज्यावर बंधनकारक आहे. गरोदरपण, अपंगत्व, लहान मुलांचे पालक. ते बघितलं का, हे विचारा.

"जाऊ दे मेडिकेड, मार्केटप्लेसमधून सबसिडीचा विमा घेऊ" असं कुणी सुचवेल. मार्केटप्लेस म्हणजे सरकारी व्यवस्थेतला विम्याचा बाजार. ते दार इथे बंद आहे. कामाची अट न पाळल्याने ज्याचं मेडिकेड गेलं, त्याला मार्केटप्लेसच्या हप्त्यावरची कर-सवलत मिळत नाही. पूर्ण हप्ता भरून विमा घेता येतो, पण हजार-बाराशे डॉलर कमावणाऱ्याला तो परवडणारा नाही.

त्यामुळे पुन्हा अर्ज करा, आणि लगेच करा. या कायद्यात अमुक महिने थांबा अशी बंदी नाही. अट पूर्ण असलेला महिना हातात आला की अर्ज टाकता येतो. उशीर मात्र महागात पडेल, कारण १ जानेवारी २०२७ पासून या गटाला अर्जाच्या मागचा फक्त एक महिना विम्यात धरून मिळणार, आधी तीन मिळायचे. मार्चमधलं इस्पितळाचं बिल मेमध्ये केलेल्या अर्जात बसणार नाही.

मधल्या काळात औषध थांबवू नका. आमच्यासारखी, केंद्र सरकारची मदत मिळणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं विमा नसला तरी परत पाठवत नाहीत. उत्पन्न बघून फी कमी करतात, आणि बऱ्याच केंद्रांत औषधंही कमी दरात मिळतात. न्यू जर्सीत इस्पितळाच्या बिलासाठी चॅरिटी केअरचा वेगळा अर्ज असतो, तो इस्पितळाच्या आर्थिक मदत विभागातच भरायचा. छातीत दुखलं, श्वास लागला तर विम्याचा विचार न करता इमर्जन्सीत जा. तपासून माणूस स्थिर करणं हे तिथल्या डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. केंद्रात येताना तीच फाइल घेऊन या. फी ठरवायलाही त्याच पे-स्टब आणि तीच वही लागते, आणि तिथल्या अर्ज भरणाऱ्या व्यक्तीला त्याच बैठकीत मेडिकेडचा नवा अर्जही टाकता येतो.